शिळावर्तुळातली रांग

तीन हजार वर्षांपूर्वी पुरलेला माणूस शेजाऱ्याच्या चुगल्या संपवून गप्प झाला, तशा विमल बोरकुटे नवऱ्याच्या अस्थींची डबी घेऊन उठल्या. नागपूरजवळच्या माळावर, शिळावर्तुळाच्या कडेला हाडं वाचणारं यंत्र बसवलं होतं. हाड ठेवलं की मेलेला तासभर बोले. नंबर मात्र सर्वात जुन्या मृताचा आधी. नवरा झोपेतच गेला होता, काही न सांगता. त्याचा एक शब्द ऐकायला विमलताई चौदा महिने रोज येत होत्या.

"बसा न काकू," यंत्र चालवणारा उमेश म्हणाला. "ह्याच्यासोबत घोडाही पुरला आहे. तोही सीनियरच."

"घोडा काय बोलणार?"

"तासभर त्याचा हक्क आहे. ठरवणारा मी कोण?"

त्या बसल्या. यंत्रातून सावकाश चारा चघळल्याचा आवाज येऊ लागला.

पंधरा मिनिटांनी उमेशलाच कंटाळा आला. "करू का बंद? कोणाला सांगू नका फक्त."

विमलताई ऐकत राहिल्या. नवराही जेवताना असाच असे, एक शब्द नाही.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "जेवतोय तो."