उजवी डिस्क

“डावीला हात लावायचा नाही,” बाबा म्हणाले. “आधी उजवी.”

“माहीत आहे हो.”

“माहीत असलेलेच घोटाळे करतात, इंजिनियरबाई.”

मुलगी पाहत राहिली. बैठकीच्या कोपऱ्यातल्या टेबलावर तो काळा डबा होता, शिवणाच्या डब्याएवढा. घरातले सगळे फोटो आणि व्हिडिओ त्यात होते. आत शेजारी शेजारी दोन डिस्क. एकीवर जे असेल तेच दुसरीवर, म्हणजे एकीनं दगा दिला तरी दुसरी घर सांभाळते. जुनी काढून नवी घालताना मात्र काही तास सगळा भार एकटीवर. तेवढ्यात चुकून तिलाच कोणी ओढलं, तर कारभार आटोपला. आईचा आवाज या दोन डिस्कांखेरीज आता कुठेच नव्हता.

सकाळी बाबांनी चहात दोनदा साखर घातली होती. शर्टाच्या गुंड्या लावताना बोटं थरथरत होती, शेवटची तिनंच लावून दिली. आता त्याच बोटांत पेचकस होता आणि ती बोटं दगडासारखी स्थिर होती. चाळीस वर्षं टेलिफोनच्या तारा जोडलेला माणूस. स्क्रू पडण्याआधीच त्यांचा तळहात त्याच्याखाली जाई.

“स्क्रू कुठे ठेवायचे?”

“बशीत.”

“कुठल्या?”

“आईच्या फुटक्या कानाच्या कपाच्या.”

“शाबास. अगदीच वाया गेली नाहीस.”

त्यांनी उजवी डिस्क अलगद ओढली, थोडं थांबले, कान दिला. डावी घरघरत होती. ते समाधानानं मान हलवून म्हणाले, “चालू आहे. आता नवी दे.”

तिनं कुरिअरचं खोकं पुढे केलं. चिकटपट्टी फारशी ओढावी लागली नाही. बाबांनी डिस्क उजेडात धरली. लेबलचा एक कोपरा घासलेला होता.

मुलीनं खोकं पटकन मागे ओढलं.

“वाटेत घासलं असेल,” बाबा म्हणाले. “कुरिअरवाले काय, आपटत आणतात.”

चार स्क्रू, चार कोपरे, तिरके समोरासमोर, कुठलाही आधी पूर्ण आवळायचा नाही. मग डिस्क आत सरकली आणि टक् असा आवाज आला. हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

“आता?” त्यांनी विचारलं.

“आता डावीवरचं उजवीवर उतरेल. संध्याकाळपर्यंत.”

“आणि तोवर?”

“तोवर कोणी कशालाही हात लावायचा नाही.”

“कोणी म्हणजे तू.”

काढलेल्या डिस्कवर त्यांनी ‘जुनी’ असं लिहिलं. अक्षर छापल्यासारखं. ती पेन पुढे करत होती, ते त्यांनी बाजूला सारलं. “पेन्सिल बरी. पुसता येतं.”

एक तार सारखी घसरत होती. तिला त्यांनी चिकटपट्टीचा तुकडा लावून टेबलाशी बांधलं आणि गुंडाळीचं टोक जरासं दुमडून ठेवलं, म्हणजे पुन्हा नखानं शोधत बसावं लागत नाही. घरातल्या प्रत्येक गुंडाळीचं टोक असं दुमडलेलं असे. आई म्हणायची, यांच्या हाती दिलं असतं तर यांनी दिवसाचंही टोक दुमडून ठेवलं असतं.

“आता तपासून बघ,” ते म्हणाले. “नुसत्या दिव्यावर विश्वास ठेवायचा नसतो.”

तिनं लॅपटॉपवर एक व्हिडिओ लावला. आई स्टुलावर उभी राहून पंखा पुसत होती. “परत चालू केलंत का ते? आधी स्टूल धरा. पडले तर व्हिडिओला मी कुठून येणार आहे?”

बाबा हसले, डोळे पुसेपर्यंत हसले.

“आहे,” ते म्हणाले. “सगळं जागेवर आहे. तुझ्या मनासारखं झालं ना?”

“झालं.”

“मग मी जरा पडतो.”

आतून घोरण्याचा आवाज येईपर्यंत ती बसून राहिली. मग तिनं काढलेली डिस्क घेतली आणि खोडरबरानं ‘जुनी’ हा शब्द हळूहळू पुसला. डिस्क पिशवीत, पिशवी खोक्यात.

दोन्ही डिस्क खरोखर बदलल्या होत्या त्या आई गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी. दोन लागल्या की तीन घ्यायच्या, ही बाबांची रीत, म्हणून एक राखीव उरली होती. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, बाबांचं विसरणं वाढत जाईल. पुढच्या रविवारी चहा पिता पिता बाबांनी विचारलं, “डिस्क आली का गं?” तिनं तोंड उघडलं, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मिटलं. उठून ती राखीव डिस्क घेऊन आली. तेव्हापासून दर रविवारी तीच पूजा. उजवी काढायची, राखीव घालायची, काढलेली पुढच्या रविवारची नवी. तेवढा तासभर बाबा पूर्वीचे बाबा असत, आणि त्या तासासाठी ती आठवडाभर तग धरत असे. हे नाटक त्यांना कधी कळलं तर त्यांचा केवढा अपमान होईल, या विचारानं ती खोकं लपवून ठेवी.

गुंडाळीवर शेवटची वीतभर पट्टी उरली होती. ती खोक्याला लावून तिनं वरून हात फिरवला. आता नवी गुंडाळी आणायला हवी, पुढच्या रविवारच्या आत, बाबांच्या नजरेस न पडता.

खोकं घेऊन ती आपल्या खोलीत गेली. कपाट उघडलं, रजया बाजूला केल्या. त्यांच्या मागे, खोकं लपवायच्या जागी, चिकटपट्टीची एक नवी गुंडाळी ठेवलेली होती. तिचं टोक दुमडलेलं होतं.