भोंग्याचे यंत्र

“ताई, आज तेवढा भोंगा गप ठेवा. कावळा शिवंस्तवर.”

कुंडलिकचा आवाज मोबाईलमधून तुटत तुटत येत होता. तिकडे वेल्ह्याच्या डोंगरात, पासली गावाच्या खालच्या अंगाला, नदीच्या पात्रात त्याच्या आईचा, बनाबाईचा, दहावा मांडला होता. इकडे भोरला, एका छोट्या वीजप्रकल्पाच्या कार्यालयात, अम्रीन संगणकासमोर बसली होती. प्रकल्पाच्या बंधाऱ्याचे दार रोज अकराला उघडे आणि पाणी नदीत सुटे. त्याआधी अर्धा तास भोंगा वाजे. तो ऐकला की पात्रातली माणसे गुरे घेऊन वर चढत. त्या काठावर कुणी घड्याळ पाहत नसे.

“मागं रखमाजीबाबाच्या दहाव्याला कावळा पिंडावर उतरतोय, आन् तुमचा भोंगा बोंबलला. उडाला तो उडालाच. दर्भाचा कावळा करून शिववला. घरातली अजून म्हंत्यात, बाबा उपाशी गेला.”

अम्रीनने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. “ठीक आहे, दादा. पण कावळा शिवला की लगेच फोन करा.”

“करतो की. मग वाजवा खुशाल.”

ब्राउझरच्या पानावर तीन ओळी होत्या. पुण्यातल्या एकाच मोठ्या संगणकाच्या पोटात तीन संगणक चालत. हात लावावा असे अंग त्यांना नव्हते. पण प्रत्येकाला आपले नाव होते, आपले काम होते, आपले घड्याळ होते. एक पाऊस मोजी, दुसरा दार उघडी, तिसरा भोंगा वाजवी. दाराच्या यंत्राला हात लावण्याचा अधिकार मुख्य कार्यालयाचा होता. भोंग्याचे यंत्र अम्रीनकडे होते. नुसता भोंगा बंद करायची सोय कुणी ठेवली नव्हती; यंत्र मात्र आहे तिथे थांबवता येत होते. सव्वानऊच्या सुमारास तिने ते थांबवले. ओळीपुढचा हिरवा ठिपका पिवळा झाला.

“कावळ्यांचं खातंही आपल्याकडं आलं का आता?” पलीकडच्या टेबलावरून कुमार हसला.

“मय्यतीचं काम आहे, सर. हसू नका.”

“हसत नाही बाई. थांबव बिनधास्त. उठवलं की उठतं ते. जिथं थांबलं, तिथून पुढं.” असे म्हणून तो चहाला निघून गेला.

कावळा मात्र येईना. कुंडलिकचा मधे एकदा फोन आला. “करंजावर बसलाय, ताई. नुसता बघतोय. तिच्या नातीला, नूतनला शिकवतो म्हनलं, वाटनी करनार न्हाई म्हनलं, ढिम्म हलंना.”

“म्हातारी जित्तेपनी तरी कुठं कुनाचं ऐकत हुती!” मागून कुणी तरी म्हणाले, आणि दहाव्याच्या त्या गर्दीत हसू पसरले. अम्रीनलाही हसू आले. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा होऊन गेले, तेव्हा मात्र ती खुर्चीत सरसावून बसली.

मग पावणेअकराला फोन वाजला. “शिवला, ताई! धाकटी भावजय म्हनली, कपिला गाय इकनार न्हाई. तसा झेपावलाच बघा!”

तिने यंत्र पुन्हा चालू केले. ठिपका हिरवा झाला. “आता भोंगा होईलच, दादा. लवकर वर या सगळे.”

“पोरंसोरं आंघोळीला उतरल्यात. भोंगा झाला की निघतोच.”

भोंगा वाजला की पानावर तशी नोंद उमटे. अम्रीन वाट पाहू लागली. नोंद उमटली नाही. यंत्र नुकते उठले आहे, त्याला थोडा वेळ लागेल, असे तिने स्वतःला समजावले. ठिपका तर हिरवागार होता. तरीही तिच्याने राहवेना. तिने त्या यंत्राचा पडदा उघडला आणि कोपऱ्यातले त्याचे घड्याळ पाहिले.

त्यात अजून साडेनऊही झाले नव्हते.

कावळ्याने जेवढी वाट पाहायला लावली, तेवढा काळ त्या यंत्राच्या लेखी गेलाच नव्हता. ते आता त्याच्या साडेदहाची वाट पाहणार होते, आणि तेव्हा इमानेइतबारे भोंगा वाजवणार होते. दाराचे यंत्र मात्र क्षणभरही झोपले नव्हते.

ती घड्याळ पुढे सरकवू लागली. यंत्राने पासवर्ड मागितला. तो कुमारला ठाऊक होता. तिने खिडकीतून रस्त्याकडे पाहत त्याला दोनदा मोठ्याने हाक मारली. मुख्य कार्यालयाला फोन लावला, तर लाइन व्यस्त लागली. ती मागे वळली तेव्हा दुसऱ्या ओळीतली अक्षरे बदलली होती : दार उघडत आहे.

तिने कुंडलिकला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. सगळ्यांचे सदरे काठावर असतील, फोनही त्यातच असेल, हे तिला दिसत होते. तरी ती लावत राहिली.

किती तरी वेळाने तो उचलला गेला.

“दादा, वर या! सगळ्यांना बाहेर काढा, आत्ताच्या आत्ता!”

“आं? काय म्हनता? हितं पोरांचा लई कालवा हाय, ऐकू येईना.” कुंडलिकला धाप लागली होती आणि तो हसत होता. मागे पाण्यात उड्या पडत होत्या. “भोंगा कुठं झालाय अजून? न्हाऊ द्या की जरा.”

“दादा, ऐका—”

“पर ताई,” त्याचा आवाज किंचित उतरला, “पानी एकाएकी लई गार लागाया लागलंय.”