यात्रेसाठी नायिका

पडदा वर जाऊन पाच मिनिटंही झाली नव्हती, तोच माणिकराव पाटील उठून उभे राहिले.

"चला गुरुजी. इथं काय न्हाई."

मागच्या रांगेतून कुणीतरी इंग्रजीत खेकसलं. विष्णुपंतांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्टेजवर विलायतेहून आलेली मंडळी नाटकातलं सगळं बोलणं गाऊनच करत होती. असलं गाणं विष्णुपंतांनी जन्मात ऐकलं नव्हतं, पुन्हा ऐकायला मिळणारही नव्हतं. पाटलांनी मात्र तिथल्या बायकांवरून एकदा नजर फिरवली आणि त्यांचं नाटक संपलं.

"समद्या गोऱ्या हायेत," बाहेर येऊन ते चिडून म्हणाले.

"विलायती खेळ आहे असं मी सांगत नव्हतो? तुम्हीच म्हणालात, बायका हायेत ना, मग बघायचंच."

पाटील तरातरा चालू लागले. पाटलांच्या मागं धावण्यात मुंबईतले दिवस चालले होते आणि विष्णुपंतांच्या डोक्यात राग साचत चालला होता.

दोघं आले होते नटी ठरवायला. पालमजवळच्या त्यांच्या गावात यात्रेला नाटक व्हायचं, तर गडी गावातले आणि नटी बाहेरची, अशी रीत. आपली लेकसून स्टेजवर कोण पाठवणार? यात्रा कमिटीची माणसं शहरात जाऊन एखादीचं काम बघत, तिला सुपारी देत, आणि ती यात्रेच्या दिवशी येऊन भूमिका करून जाई. आजवर नांदेडपर्यंत गेलं की काम भागायचं. यंदा कमिटीचे अध्यक्ष माणिकराव हट्टाला पेटले. नटी आणायची तर मुंबईची, आणि पारखायला मी स्वतः जाणार. पूर्णेला रेल्वेत बसून, मनमाडला गाडी बदलून ते गावच्या शाळेतल्या मास्तरांना, विष्णुपंतांना, घेऊन आले.

नाटक विष्णुपंतांनी लिहिलेलं होतं. चार वर्षांपूर्वी ते बदलून गावात आले, त्याच महिन्यात पाटलांची एकुलती एक लेक सुला नांदेडला मामाकडे वारली. विष्णुपंतांचं गावातलं पहिलं जेवण म्हणजे त्या न पाहिलेल्या पोरीची तेरवी. तेव्हापासून यात्रेचं नाटक बंद होतं. ते पुन्हा सुरू करायचं पाटलांनीच काढलं, तेव्हा विष्णुपंत हरखून गेले. चार वर्षं मनात घोळलेलं नाटक त्यांनी झपाट्यानं लिहून काढलं. तालमी झाल्या. पण गावातल्या पोरांना व्हिडिओ हवा होता. नटी आली नाही तर स्टेजवर टीव्ही बसणार आणि विष्णुपंतांचं नाटक माळ्यावर जाणार, हे ठरलेलं होतं.

गिरगावात संगीत नाटक झालं. नायिकेचा गळा असा की विष्णुपंत खुर्चीच्या टोकावर आले. शेवटची बाई स्टेजवर येऊन गेली तसे पाटील उठले. "न्हाई." दादरला एकीनं अख्खं थिएटर रडवलं. "न्हाई." नृत्याच्या कार्यक्रमात तर पाटील थेट स्टेजला जाऊन टेकले आणि मागच्या ओळीत नाचणाऱ्या पोरींची तोंडं न्याहाळू लागले. दाराशी उभ्या असलेल्या माणसानं त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. पाटलांनी त्याला जी शिवी हासडली, ती ऐकून बायकांनी पदर तोंडाला लावले.

फुटपाथवर विष्णुपंतांचा तोल सुटला.

"पाटील, तुम्हाला नटी हवी आहे की नुसत्या बायका बघत हिंडायचंय? या वयात शोभतं का हे? माझ्या नाटकाचं वाटोळं चाललंय."

माणिकरावांचं तोंड लालबुंद झालं. विष्णुपंतांना वाटलं, आता हा माणूस हात टाकतो.

"तुमी नाटकाचं बघा," ते दातओठ खात म्हणाले. "बाईचं मी बघायलोय."

परतीच्या आदल्या दिवशी परळला दुपारचा प्रयोग होता. दुसऱ्या अंकात एक मोलकरीण चहाचा ट्रे घेऊन आली, दोन वाक्यं बोलली आणि गेली. पाटील उठले. मग धपकन खाली बसले.

"हीच."

"कोण? ट्रेवाली? तिला धड दोन वाक्यंसुद्धा नाहीत."

"हीच न्यायची. न्हाईतर तुमचं नाटक बंद."

विष्णुपंतांना रडू की ओरडू असं झालं. सबंध मुंबई धुंडाळून शेवटी मोलकरीण. पण नाटक बंद होण्यापेक्षा ती बरी, म्हणून प्रयोग संपल्यावर ते मुकाट आत निघाले. पाटील मेकअपच्या खोलीबाहेर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"तुमीच बोला," ते म्हणाले. "मला जमायचं न्हाई."

आत ती बाई आरशासमोर बसून तोंडावरचा रंग पुसत होती. जाहिरातीत तिचं नाव शेवटी होतं, कावेरी. विष्णुपंतांनी यात्रेचं सांगितलं.

"माझं काम बघून आलात?" ती हसली. बोलणं स्वच्छ मुंबईचं. "अहो, मला कोण सुपारी देतं? कुठलं गाव?"

त्यांनी गावाचं नाव सांगितलं. तिचा हात गालावरच थांबला.

"कोणी पाठवलं?"

"आमचे पाटील आहेत, माणिकराव. बाहेरच उभे आहेत."

"आत का नाही आले?"

"थोडे तापट आहेत," विष्णुपंत ओशाळून म्हणाले. "पण शब्दाचे पक्के. म्हणाले, न्यायची तर हीच."

तिनं दाराकडे पाहिलं. मग वळली. त्या सगळ्या थिएटरांत विष्णुपंतांनी एवढा राग कुणाच्या तोंडावर पाहिला नव्हता. त्यांना वाटलं, गेलं नाटक. ते पैशाचं बोलू लागले, तर तिनं हातानंच थांबवलं.

"येते मी. पैसे नकोत," ती म्हणाली. "पर माह्या तेरवीला जे जे जेवलेत, ते समदे पुढच्या रांगेत बसवा."