दारातला बांबू

डोंगर सुटतोय, खाली राहायला चला, हे गावाला पटवायची ही माझी शेवटची सभा होती. मी फोनची वायर स्पीकरला जोडली. माझ्या व्हिडिओऐवजी चावडीच्या दारात टांगलेला पोकळ बांबू बडवल्यासारखे सलग ठोके आले. आमच्याकडे दरड कोसळली तरच तो असा बडवतात.

"मास्तर, आता घाबरवायला हे रेकॉर्ड करून आणलंत?" सरपंच पाक विर्यो म्हणाले. लोक हसत उठले.

मी असलं काही आणलंच नव्हतं. मी वायर उपटली. ठोके चालूच राहिले. दारातला बांबू मात्र हलतही नव्हता.

मग ठोके थांबले. स्पीकरमधून माझ्या लेकीचा, रतिहचा घुसमटलेला आवाज आला, "बाबा, हात नका ना सोडू."

समोर पहिल्या रांगेत रतिह ओठ मिटून बसली होती. तिने हळूच हात पुढे केला.