सायन्सवाले

"आला रिपोर्ट!" वसंता गुरुजी म्हणाले, आणि बैठकीतल्या सगळ्यांचे चहाचे कप हातातल्या हातात थांबले.

महेंद्रने आपला कप खाली ठेवला. किरनापूरहून बापलेक सकाळच्या बसने बालाघाटला गुरुजींच्या घरी आले होते ते याच्याचसाठी. शेजारी त्याची लेक दीपिका मान खाली घालून बसली होती. समोर नागसेन, गुरुजींचा मुलगा, विजेच्या ऑफिसात इंजिनीअर. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, फोनवर बोलून बोलून कान तापले होते, दीपिकाने तर मनातल्या मनात या घराचे पडदेसुद्धा बदलून टाकले होते. लग्न अडलं होतं ते थुंकीपाशी.

अडायला कारण गोदाबाई. महेंद्रची बहीण, दीपिकाची आत्या. ती डोक्याने बरी नव्हती. बरी असली की घर झाडायची, भात रांधायची. बिघडली की अंगणात बसून तिथे नसलेल्या माणसांशी भांडायची. गोंदियाचं एक स्थळ तिला पाहूनच दारातून परत गेलं होतं. तेव्हापासून पाहुणे यायचे असले की महेंद्र बहिणीला मागच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावायचा. भाऊ होता, पण पोरीचा बापही होता. काय करील बिचारा!

गुरुजी मात्र गोंदियावाल्यांसारखे नव्हते. निवृत्त हेडमास्तर, विहाराच्या कमिटीत, भाषणाला उभे राहिले की टाळ्या घेऊनच बसणारा माणूस. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगून टाकलं होतं, "आपण बौद्ध लोक, महेंद्रभाऊ. पत्रिका-फत्रिका आपण पाहत नाही. आपण सायन्सवाले. पोरीची डीएनए टेस्ट करून टाकू. अक्कल किती हाये, डोकं पुढं बिघडते का, सारं समजते. फक्त थुंकी पाठवा लागते."

"आन नागसेनची?" महेंद्रने भीतभीत विचारलं होतं.

"त्याची काहून? आमच्या घरी कोणी तसं नाही."

म्हणजे सायन्ससुद्धा मुलीकडच्यांनीच आणायचं! पण महेंद्र काय बोलणार, हौ म्हणाला. कुरिअरने डबी आली. दीपिका नळीत थुंकायला बसली तर तोंडाला कोरड. आधी काही खायचं नाही, प्यायचं नाही, असा नियम. शेवटी गोदाबाई कुठून तरी चिंच घेऊन आली आणि भाचीच्या समोर बसून मिटक्या मारत चोखू लागली. ते पाहूनच दीपिकाच्या तोंडाला पाणी सुटलं. नळी भरली. दोघी पोट धरून हसल्या.

गुरुजींनी आता चष्मा लावला. मोबाईल लांब धरून, वर्गात धडा वाचावा तसं ते वाचू लागले.

"बुद्धिमत्ता... सरासरीपेक्षा जास्त! मानसिक आजाराचा धोका... कमी! पाहा, महेंद्रभाऊ, सारं हिरवं हिरवं हाये."

महेंद्रच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याने हात जोडले, कोणाला ते त्याचं त्यालाही कळलं नसेल. गुरुजींच्या बायकोने, शीलाबाईंनी, आतून पेढे आणले आणि एक दीपिकाच्या तोंडात कोंबला. आणि दीपिकाला आनंद झाला, खोटं कशाला बोला! छातीवरचा धोंडाच उतरला. नागसेनने हळूच डोळे मिचकावले तशी ती लाजली.

"रक्त साफ निघालं," गुरुजी म्हणाले. "गोदाबाईचा डाग नाही लागला पोरीले. आता एकच करा, महेंद्रभाऊ. तिले लग्नात आणू नका. आन पुढंही पोरीच्या घरी तिचं येणंजाणं नको. उद्या लेकरंबाळं होतीन, लोक दहा गोष्टी बोलतीन."

"हौ, हौ, गुरुजी. तुम्ही म्हणसान तसं," महेंद्र घाईघाईने म्हणाला.

पेढा दीपिकाच्या तोंडातच राहिला. आई गेली तेव्हा ती अंगणवाडीत होती. तिच्या वेण्या त्या डागाने घातल्या होत्या. ताप आला की कपाळावर ओल्या पट्ट्या त्याच डागाने ठेवल्या होत्या.

तिने नागसेनकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं हाये?"

"पप्पा बरोबरच बोलून राह्यले. रिपोर्ट मस्त आला ना, मंग बात खतम."

"आन खराब आला असता तं?"

नागसेन हसला. मग त्याचं हसू ओसरलं. त्याने बापाकडे पाहिलं. बापाने मोबाईलकडे पाहिलं.

दीपिका उठली. तिला हा मुलगा हवा होता, या घडीलाही हवा होता, आणि त्याचंच तिला रडू येत होतं.

"बस ना माय, काहून उठली?" महेंद्र कळवळला. "असं स्थळ आपल्याले पुन्हा नाही भेटणार."

"अवो पोरी, घाबरते काहून?" गुरुजी हसून म्हणाले. "पास झाली ना तू!"

दीपिकाने ओढणीने डोळे पुसले.

"जन्म पाहून माणसाले मोजत होते, म्हणून तं आपले आजे ते जुनं घर सोडून बौद्ध झाले, गुरुजी," ती म्हणाली. "मी परत त्याच घरात नांदायले कशी येऊ?"