रंगाचा वास

दोन हिवाळ्यांपूर्वी लेकीने आईच्या घरी लाकडांवर चालणारी लोखंडी शेगडी बसवून दिली. "शेगडीपुढेच बसलेय, छान ऊब आहे," असं आई फोनवर रोज सांगायची. यंदा कुठे लेकीला थंडीत यायला सवड मिळाली. आल्या आल्या तिने शेगडी पेटवली, तर घरभर रंगाचा उग्र वास. घाबरून तिने मिस्त्रीला फोन लावला.

"काही बिघडलेलं नाही, ताई. पहिल्यांदा जाळ केला की लोखंडावरचा रंग भाजून पक्का होतो. तेवढ्यापुरता वास येतोच."

"पहिल्यांदाच?"

"हो. मग नाही येत."

लेकीने फोन ठेवून आईकडे पाहिलं.

आई खिडकी उघडायला उठली. एकावर एक घातलेले दोन स्वेटर खाली ओढत म्हणाली, "एकट्या माणसाला कुठे एवढी थंडी वाजते."