डावखुऱ्या गवंड्याचा जिना

ताईची पीएचडी लिहून झाली. आपण मात्र ती झालीच नाही असं धरून चालू, कारण विद्यापीठही गेली सहा वर्षं तसंच धरून चाललंय.

घोडं अडलं होतं प्रबंधातल्या एका वाक्यावर. 'जुन्या न्यायालयाचा गोल जिना उलटा वळतो, कारण तो बांधणारा गवंडी डावखुरा होता.' दगडावरचे छिन्नीचे घाव ताईने स्वतः, पायरीपायरीवर बसून तपासले होते. पण तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "घाव राहू देत गं. एखादा छापील अभ्यासलेख दाखव, लगेच सही ठोकतो."

ताईने ग्रंथालयाच्या संगणकासमोर ठाण मांडलं. 'गोल जिना' शोधलं की चार हजार लेख, 'डावखुरा गवंडी' शोधलं की शून्य.

"शुक्रवारी मुदत संपतेय ना तुझी? मग नोंदणीच रद्द होते म्हणे," ग्रंथपाल काकूंनी जाता जाता धीर दिला.

गुरुवारी एक लेख सापडला. नवाकोरा, नेमका डावखुऱ्या गवंड्यावर. लेखक खुद्द सर! तळटीपेत आधार दिला होता, 'माझ्या विद्यार्थिनीचा प्रबंध, अद्याप मंजुरी नाही.'

ताई धापा टाकत सरांकडे पोचली. "सर, हा घ्या लेख. तुमचाच आहे!"

"लेख झकासच आहे," सर चष्मा पुसत म्हणाले, "पण तो उभा आहे मंजूर न झालेल्या प्रबंधावर. असला लेख आधार म्हणून मी कसा चालवून घेऊ?"

ताईने तिथेच कागद ओढला आणि कुलगुरूंना अर्ज लिहिला.


'माझा प्रबंध मंजूर होण्यासाठी लागणारा लेख ग्राह्य धरता यावा, याकरिता माझा प्रबंध कृपया आधी मंजूर करण्यात यावा, ही नम्र विनंती.'